टाके बंद झाल्यावर

जाळीच्या विणीची शाल सुईवरून उतरते तेव्हा ती बघवत नाही. धुऊन न झटकता वाळलेल्या पंच्यासारखी आखडलेली असते. नक्षी ओळखू येत नाही, भोकं मिटलेली असतात, कडा कुठे आत वळलेली तर कुठे फुगलेली. अशी शाल पहिल्यांदाच बघणाऱ्याला वाटेल, काम बिघडलं. माझी आत्या मात्र खुशीत होती. "आता धुवायची, ताणायची, वाळवायची. शाल व्हायची आहे अजून," म्हणाली.

शाल शेटलंडच्या पद्धतीची. स्कॉटलंडच्या उत्तरेला समुद्रात हा बेटांचा पुंजका आहे, आणि त्यातलं अन्स्ट हे ब्रिटनमधलं सगळ्यात उत्तरेचं वस्तीचं बेट. एकोणिसाव्या शतकात तिथल्या बायकांनी मेंढीच्या मानेजवळची मऊ लोकर हातानं उपटून, घरीच कातून, दोन सुयांवर अशा शाली विणल्या की अंगभर पांघरायची शाल लग्नाच्या अंगठीतून ओढून काढता येई. आत्याची शाल तितकी तलम नाही. लोकर विकतची, गिरणीत कातलेली. पण घडण तीच: मध्ये चौकोन, त्याच्याभोवती लाटांच्या नक्षीची रुंद किनार आणि सगळ्यात बाहेर कंगोऱ्यांचा काठ.

मी तयार कपड्यांच्या कारखान्यात इंडस्ट्रियल इंजिनिअर आहे. शर्टाला कॉलर बसवायला, काज करायला, बाही जोडायला किती सेकंद लागावेत हे घड्याळ लावून ठरवणं हे माझं काम. आत्या निवृत्त शिक्षिका. बासष्ट सालच्या युद्धात जवानांसाठी शाळाशाळांतून मफलर विणले गेले तेव्हा तिनं सुया हातात घेतल्या, त्या अजून सुटलेल्या नाहीत. वेळ मोजावा की मोजू नये यावर आमचं कधीच पटलेलं नाही. शाल ताणायला बसलो त्या दुपारी तेच पुन्हा निघालं. बोलणं झालं तसं लिहिते, कारण तिची बाजू मला आजही खोडून काढता येत नाही आणि माझी सोडवत नाही.

पहिलं काम धुण्याचं. कोमट पाण्यात रिठ्याचा फेस, त्यात शाल नुसती बुडवून ठेवायची. चोळायची नाही, पिळायची नाही. उचलताना दोन्ही हातांच्या ओंजळीत सगळीच्या सगळी उचलायची, नाहीतर पाण्याच्या वजनानं एक कोपरा लोंबतो. मग मोठ्या टॉवेलात गुंडाळून, वरून दाबून पाणी टिपायचं.

"पाण्यात टाकल्यावर सैल पडली बघ," आत्या म्हणाली. "लोकरीला पाणी लागलं की ती ऐकते."

"लोकर म्हणजे केराटिन. केसासारखंच. तंतूमधले हायड्रोजन बंध पाण्यानं सुटतात, आणि ताणलेल्या अवस्थेत वाळली की त्याच ठिकाणी पुन्हा बांधले जातात. म्हणून ताणलेली जाळी तशीच राहते."

"आणि पुन्हा धुतली की?"

"बंध पुन्हा सुटतात. शाल पुन्हा आखडते."

"म्हणजे दर धुण्याला ताणायची. ते मला माहीत आहे. का ते आज कळलं."

माहेरच्या जुन्या लाकडी पलंगावरची गादी आम्ही मोकळी केली होती. तिच्यावर चौकड्यांची चादर, म्हणजे सरळ रेषा आयत्याच मिळतात. टाचण्या न गंजणाऱ्या; आत्यानं त्या मुद्दाम शोधून आणल्या होत्या, कारण ओल्या पांढऱ्या लोकरीवर गंजाचा एक ठिपका पडला तर तो जात नाही. आधी चारही बाजूंचे मध्य टाचले, मग कोपरे, मग मध्य आणि कोपरा यांच्या अधेमधे. प्रत्येक कंगोऱ्याच्या टोकाला एक टाचणी. धुण्याआधी शाल जेमतेम सव्वा मीटर भरत होती, ती ताणत ताणत दीड मीटरच्या पुढे गेली. टाचणी बाहेर सरकली की तिच्या आतल्या बाजूची जाळी उघडते. आधी काठातली भोकं दिसायला लागली, मग किनारीतल्या लाटा. लाट ओसरल्यावर वाळूवर रेघ उमटते, त्यावरून ही नक्षी. शेटलंडमध्ये तिला 'प्रिंट ओ द वेव्ह' म्हणतात. तिथल्या नक्ष्यांची नावं घरच्या अंगणातलीच आहेत: मांजराचं पाऊल, पक्ष्याचा डोळा, नेचा.

मी विचारलं, "या काठाला किती वेळ लागला गं?"

"मोजला नाही."

"अंदाजानं?"

"अंदाजानंही नाही. मी टाके मोजते, तास मोजत नाही."

मग मी हिशेब केला. तो इथे मांडते, कारण शाल पाहणाऱ्याच्या डोळ्यांना हा काठ बोटभर दिसतो. किनार विणून झाली की शालीच्या भोवती सगळे टाके सुईवर मोकळे असतात. ते सरळ बंद केले तर कडा घट्ट होते आणि शाल ताणली जात नाही. म्हणून काठ आडवा विणायचा: दहा-बारा टाक्यांची चिंचोळी पट्टी, पुढे-मागे, पुढे-मागे. दर दुसऱ्या ओळीच्या शेवटी पट्टीचा एक टाका आणि शालीचा एक मोकळा टाका एकत्र विणायचा. अशी पट्टी शालीचा एकेक टाका गिळत चारही बाजूंनी फिरते. शालीभोवती ८०० टाके असले तर पट्टीच्या ओळी होतात १६००. ओळीला सरासरी १२ टाके धरले तर १९,२०० टाके. टाक्याला ३ सेकंद म्हणजे १६ तास. हे केवळ बोटभर रुंदीच्या काठाचे, आणि त्यात उसवणं नाही, टाके पुन्हा मोजणं नाही, कोपऱ्यावर वळताना घालावे लागणारे जादा फेरे नाहीत.

"झालं तुझं?" आत्या म्हणाली.

"झालं. नुसत्या काठाचे १६ तास. मधला चौकोन आणि किनार यांचे तर मी धरलेच नाहीत."

"मग आता त्या १६ तासांचं काय करू मी? तुला ते कळले, म्हणून काठ जास्त चांगला झाला का?"

"नाही झाला. पण त्यात किती काम आहे हे कळलं."

"काम किती आहे ते मला विणतानाच कळत होतं," ती म्हणाली. "आणि मोजलं असतं तर काय झालं असतं सांगते. आज दोन तासांत किती कंगोरे झाले, काल किती झाले, हे डोक्यात आलं असतं. ते आलं की घाई होते, आणि जाळीत घाई झाली की दोरा पुढे घ्यायचा राहून जातो. साध्या विणीत टाका सुटला तर खाली घसरलेला दिसतो, क्रोशाच्या सुईनं वर आणता येतो. इथे प्रत्येक भोक हाच एक वाढवलेला टाका असतो, आणि त्याच्या शेजारी दोन टाके एकत्र करून एक कमी केलेला असतो. वाढ आणि घट यांची बरोबरी चुकली की दहा ओळींनंतर नक्षी तिरकी जाते, आणि कुठून गेली ते शोधायला बसावं लागतं. म्हणून मी दर नक्षी पूर्ण झाली की सगळ्या टाक्यांतून रिळाचा दोरा ओवून ठेवते. काही बिघडलं तर त्या दोऱ्यापर्यंत उसवायचं, पुढे उसवत नाही. माझं घड्याळ म्हणजे तो दोरा."

मला हे पटतं. आमच्याकडेही घाईनं केलेलं काम परत येतं, आणि परत आलेल्या कामाची मिनिटं कुणी धरत नाही. पण आत्या ज्या शेटलंडच्या बायकांची विणकाम शिकवणी मनोमन लावून बसली आहे, त्यांच्या बाबतीत न मोजलेल्या वेळाचं काय झालं ते मला तिला सांगायचं होतं.

"शेटलंडची लेस प्रसिद्ध कशी झाली माहीत आहे तुला?" मी विचारलं.

"राणी व्हिक्टोरियानं मोजे घातले."

"हो. लरविक गावचा आर्थर अँडरसन, त्यानं १८३७ मध्ये राणीला तलम मोजे भेट दिले. हा माणूस पी अँड ओ कंपनीच्या संस्थापकांपैकी. ज्या बोटींनी मुंबईहून आपली माणसं विलायतेला जात, ती कंपनी. मग १८५१ च्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात शाली मांडल्या गेल्या, मागणी वाढली. आणि विणणाऱ्या बायकांना काय मिळत होतं? चहा."

"चहा?"

"चहा, कापड, असलं सामान. व्यापारी शाल घ्यायचा आणि बदल्यात दुकानातला माल द्यायचा. रोख क्वचितच. कधी नुसती चिठ्ठी, की अमुक रकमेचा माल नंतर येऊन न्यावा. १८७२ मध्ये सरकारनं या पद्धतीची चौकशी केली. बायकांच्या साक्षी नोंदवलेल्या आहेत. घरात पीठ लागायचं, भाडं द्यायचं असायचं, आणि हातात चहाच्या पुड्या. मग ती बाई शेजारीपाजारी हिंडून चहा देऊन पीठ किंवा बटाटे मिळवायची. एका शालीत किती महिने गेले हे कुणी कुठे लिहिलंच नव्हतं, तर ती भांडणार कशाच्या जोरावर? चौकशीनंतरही ही पद्धत कित्येक दशकं चालली."

आत्या हातातली टाचणी तशीच धरून थांबली. शाल ओली असताना तिनं थांबणं हे विशेष.

"पाठीवर टोपलीत इंधनाची माती वाहताना विणत चाललेल्या बायकांचे फोटो मी पाहिलेत," ती म्हणाली. "मला ते बघून कौतुक वाटायचं."

"कौतुक आहेच. पण त्या चालता चालता विणत होत्या, कारण बसून विणायला वेळ नव्हता. शेती त्यांच्यावर, घर त्यांच्यावर, पुरुष समुद्रावर. आणि पुरुष सगळे परत यायचेच असंही नाही. १८८१ च्या जुलैत एका वादळात शेटलंडचे ५८ कोळी बुडाले."

"मग मला एक सांग," आत्या म्हणाली. "चहाच्या पुडीसाठी विणायचं होतं, तर इतकं सुंदर का विणलं? चहाच्या बदल्यात अंगठीतून जाणारी शाल कोणी मागितली होती? जाड, साधी पांघरुणंही त्या विणायच्याच. 'हॅप' म्हणायच्या त्यांना. तीही विकली जायची. तरी कुणीतरी बसून कातली इतकी बारीक लोकर. कुणीतरी दोन्ही बाजूंच्या ओळींत नक्षी घातली, जिथे एका बाजूला घातली असती तरी चाललं असतं."

"तलम शालीला भाव जास्त होता."

"भाव जास्त, पण मेहनत किती पटींनी जास्त ते तूच सांगितलंस. हिशेबानं ते कुणी केलं नसतं. हिशेबापलीकडचं काहीतरी त्या शालीत आहे, आणि तेच आज संग्रहालयात ठेवलंय."

"तुझं म्हणणं खरं आहे," मी म्हणाले. "पण मालक फुकट घेतो तो नेमका हाच भाग असतो. कामगारानं मनापासून केलेलं जास्तीचं काम. आमच्या कारखान्यात एखादी बाई धागे इतके स्वच्छ कापते की तिच्या हातून गेलेला नग कधी परत येत नाही. तिचा दर आणि बाकीच्यांचा दर एकच. तो मनापासूनचा भाग मोजता येत नाही असं म्हणायला मालकाला फार आवडतं."

"घेतो ना. घेऊ दे. घेतला म्हणून तो भाग मालकाचा होत नाही," आत्या म्हणाली, आणि टाचणी खोचली.

याला मी काही उत्तर दिलं नाही. मला अजून सुचलेलं नाही.

दोन कंगोऱ्यांच्या मधे अंतर सारखं येत नव्हतं, म्हणून मी टेप घेतला. एका बाजूला आत्या ओढून बसवत होती, दुसऱ्या बाजूला मी. एका कोपऱ्यापाशी काठ सुरू झाला होता आणि तिथेच संपला होता. तो सांधा कुठे आहे ते मला बोट फिरवूनही सापडेना. आत्यानं दाखवला. सुरुवातीचे टाके तिनं वेगळ्या रंगाच्या दोऱ्यावर घातले होते. शेवटी तो दोरा काढून टाकून, मोकळे झालेले टाके आणि शेवटचे टाके समोरासमोर ठेवून, शिवणाच्या सुईनं मधून अशी लोकर फिरवली होती की जणू सुयांनी विणलेली एक ओळच. सुलट ओळीची सुलट, उलट ओळीची उलट. सुईनं एका टाक्यातून खालून जायचं की वरून, हे एकदा चुकलं तर त्या जागी कायमची वळी उठते. लोकरीचं शेपूट तिनं अजून कापलं नव्हतं. ताणताना लोकर सरकते. आधीच कापलं तर टोक आत ओढलं जाऊन टाका उघडा पडतो. वाळल्यावर, टाचण्या काढल्यावर, मगच कात्री.

"शेटलंडमध्ये हे ताणायचं काम वेगळ्या बायका करायच्या," मी म्हणाले. "तो स्वतंत्र धंदाच होता. विणून आलेली शाल दुरुस्त करायची, धुवायची, गंधकाच्या धुरीनं पांढरी करायची, लाकडी चौकटीवर दोऱ्यांनी ताणून बांधायची."

"त्यांना मात्र कुणी विचारत नाही. शाल विणली कुणी, एवढंच विचारतात."

"हेच तर म्हणते मी."

"एकच म्हणत नाही आपण," आत्या म्हणाली. "तू म्हणतेस त्यांना पैसे कमी मिळाले. मी म्हणते त्यांचं नाव गेलं."

एस्टोनियाची गोष्ट तिनंच काढली. समुद्रकाठच्या हापसालू गावात पांढऱ्या लोकरीच्या शाली विणतात. त्यांच्या नक्षीत 'नुप' नावाचे फुगीर दाणे असतात. एकाच टाक्यातून पाच, सात, कधी नऊ फेरे काढायचे आणि पुढच्या ओळीत ते सगळे एकत्र एका टाक्यात बंद करायचे. बंद करताना सुई आत शिरत नाही, फेरे सैल ठेवले नाहीत तर हात रडकुंडीला येतो. आत्याच्या मते हे दाणे म्हणजे सही आहे: यंत्राला असा दाणा काढता येत नाही, म्हणजे शाल हातचीच. मी याच दाण्यांविषयी दुसरं सांगितलं जाताना ऐकलंय. शाल वजनावर विकली जायची, आणि दाण्यांनी वजन वाढतं. दोन्ही खरं असेल तर मला त्या हापसालूच्या बायका फार आवडतात. आत्याला माझी गोष्ट आवडली नाही, पण तिनं ती नाकारलीही नाही.

खरा वाद पुढे झाला. तो शेटलंडचा नव्हता, आमच्या गल्लीतला होता.

शेजारच्या काकूंची मुलगी कॅनडाला जायची आहे. त्यांनी आत्याच्या सुईवरची शाल पाहिली होती आणि म्हणाल्या होत्या, अशीच एक माझ्या लेकीला करून द्या, लोकरीचे पैसे मी देते. आत्या हो म्हणायच्या बेतात होती.

"नाही म्हण," मी म्हणाले.

"का? तू नाही विणणार, मी विणणार."

"लोकरीचे पैसे म्हणजे काय? त्या पैशांत लोकर आली. तू कुठे आलीस?"

"अगं, चार घरं सोडून राहतात. माझ्या ऑपरेशनला त्यांनी महिनाभर डबा दिला. त्याचे मी काय दिले? गॅसचे?"

"डबा त्यांनी स्वतःहून दिला. तू मागितला नव्हतास."

"बाळंतविडा विणतो आपण," आत्या म्हणाली. "टोपडं, झबलं, मोजे, दुपटं. तुझाही मीच विणला होता. त्याचे तास मोजले असते तर तुझ्या आईला तो घेता आला असता का? सगळ्या गोष्टींना दर लावायचा नसतो. दर लावला की देणं संपतं, खरेदी राहते."

"बाळंतविडा तू दिलास, आत्या. कुणी ऑर्डर दिली नव्हती. आणि तुला माहीत आहे, घरातल्या सगळ्यांचे स्वेटर तू वर्षानुवर्षं विणलेस, तेव्हा काय म्हणायचे सगळे? बसल्या बसल्या करते."

आत्या काही बोलली नाही. पंखा एक नंबरावर होता, तो तिनं उठून दोनवर केला. पावसाळी हवेत लोकर लवकर वाळत नाही.

मी नरसापूरचं सांगितलं. आंध्रात गोदावरीच्या मुखाशी नरसापूरला मिशनऱ्यांनी बायकांना क्रोशाची लेस शिकवली. पुढे ती परदेशी जाऊ लागली, व्यापारी गब्बर झाले. मारिया मीस या जर्मन अभ्यासक बाई तिथे जाऊन राहिल्या आणि १९८२ मध्ये त्यांचं पुस्तक आलं. त्यांना दिसलं ते असं: दिवसाचे कितीतरी तास लेस करणाऱ्या या बायांना सगळे, त्या स्वतःसुद्धा, गृहिणी म्हणत होते. फावल्या वेळाचं काम. फावल्या वेळाच्या कामाला मजुरी कशी मागायची? म्हणून मजुरी नाममात्र, आणि मालाची किंमत परदेशात भरपूर.

"मी काही लेस निर्यात करत नाही," आत्या म्हणाली.

"पण काकू ज्या नजरेनं बघतात ती नजर तिथलीच आहे. त्यांच्या मनात वाईट काही नाही. त्यांना खरंच वाटतं की या शालीत खर्च फक्त लोकरीचा आहे. बाजारात यंत्रावरची लेसची शाल काही शे रुपयांत मिळते, ती बघून त्यांचा अंदाज बांधला गेलाय. तू हो म्हणालीस की तो अंदाज पक्का होतो. मग गावात जी बाई पोटासाठी विणते, तिला हाच भाव सांगतील. त्या आत्या लोकरीच्या पैशांत देतात म्हणून."

हे तिला लागलं. पोटासाठी विणणारी बाई आमच्या ओळखीची आहे, आणि शाळा सुटल्यावर तिच्या मुलीला आत्याच शिकवते.

"मग काय करू? किंमत सांगू? माझ्या तासांची खरी किंमत लावली तर ती कुणालाच परवडायची नाही."

"न परवडू दे. सांग तरी. आमच्या नव्या शिलाई कामगाराचा दर लावून मी काढून देते आकडा. तो त्यांना दाखव, आणि मग हवं तर फुकट दे. लोकरीचेही घेऊ नकोस."

"किंमत सांगून दिलेली वस्तू भेट राहत नाही," आत्या म्हणाली. "तो उपकार होतो. कॅनडात ती पोर शाल पांघरेल तेव्हा तिला ऊब वाटायला हवी. ओझं वाटायला नको."

"किंमत माहीत नसली तर ती धुलाई यंत्रात टाकेल."

"टाकू दे."

"आत्या!"

"नाही, खरंच सांगते. टाकली तर आटेल, रगासारखी होईल, मला वाईट वाटेल. पण म्हणून मी तिला आधी बिल देणार नाही."

इथे आम्ही दोघी अडलो. मला वाटतं, किंमत समजल्यावरच देणाऱ्याचं देणं कळतं. ती झाकून ठेवली तर घेणाऱ्याला आपण काय घेतलं हे कळायची संधीच मिळत नाही, आणि त्याचा तोटा शेवटी त्या बाईला होतो जिला देणं परवडत नाही. आत्याला वाटतं, हिशेब कळला की घेणारा परतफेडीच्या विचाराला लागतो, आणि माणसामाणसांत जे सैल राहायला हवं ते आवळलं जातं. तिनं सगळं आयुष्य शाळेत शिकवलं, पगार घेतला, आता पेन्शन घेते. पैसे घेण्याची तिला लाज नाही. विणकाम ही तिच्या आयुष्यातली एकमेव गोष्ट आहे जिच्यावर कुणाची हजेरी नव्हती. ती मोजायला लावणं म्हणजे ती तिच्याकडून काढून घेणं, हे मलाही दिसतं. आणि शेटलंडच्या ज्या बाईच्या हातात शालीच्या बदल्यात चहाच्या पुड्या पडल्या, तिला हा न मोजण्याचा मोकळेपणा कधी मिळालाच नाही, हेही दिसतं. आत्या जे सुख घेते ते तिच्या पेन्शनवर उभं आहे. मी हे तिला बोलून दाखवलं.

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "म्हणून तर जपते."

संध्याकाळपर्यंत शाल वाळली होती, तरी आत्यानं हात लावू दिला नाही. वरून कोरडी लागली तरी लोकर आत बराच ओलावा धरून ठेवते. आधी टाचण्या काढल्या तर कंगोरे मागे जातात. मधला चौकोन आता कपाळपट्टीसारखा सपाट पडला होता आणि पक्ष्याचे डोळे एकेक मोजता येत होते.

काकूंचं काय करायचं ते तिनं जेवताना सांगितलं. शाल विणून द्यायची नाही. लोकर आणि सुया घेऊन मुलीलाच पाठवायला सांगायचं. जायला अजून अवकाश आहे, तोपर्यंत निदान एक पट्टीदार स्कार्फ तिच्या हातून होईल, आणि तिकडे थंडीत घरात बसायची वेळ आली की पुढचं ती करेल.

"फी घेणार?" मी विचारलं.

"नाही."

"मग तेच झालं."

"तेच नाही झालं. तिच्या हातानं पहिला कंगोरा झाला की तिला कळेल या काठात काय आहे. तुझ्या आकड्यानं ते कळलं नसतं."

हे मी मान्य केलं, पण एक अट घातली: मुलीनं एक वही ठेवायची, रोज किती वेळ विणलं ते लिहायचं. तिची वही, तिचे तास; आत्याचा त्याच्याशी संबंध नाही. आत्या म्हणते, आधी हात बसू दे, निदान जाळीची एक नक्षी न उसवता होऊ दे, मग वही. सुरुवातीलाच तास लिहायला लागली तर घाबरून सुया ठेवून देईल. मी म्हणते, पहिल्या ओळीपासून. शिकताना लागलेला वेळ हाच सगळ्यात आधी विसरला जातो, आणि मजुरी ठरवताना तो कुणीच धरत नाही. मुलगी रविवारी येणार आहे. वही मी आणून ठेवली आहे.